रंगूबाई आणि माईकवरची बाय

आमच्या अनाउन्समेंटच्या खोलीत बाहेरचं कोणी येत नाही. दारावर तशी पाटीच आहे. तरीही जिना चढून, पुलावरून वळून कोणी इथवर आलंच तर तो माणूस बहुधा तक्रार घेऊन आलेला असतो, आणि त्याला खालच्या ऑफिसचा रस्ता दाखवायचा हेही माझ्या कामातलं एक काम. त्यामुळे त्या दुपारी दार वाजलं तेव्हा मी स्क्रीनवरची नजर न काढताच म्हटलं, "मास्तर खाली बसतात, एक नंबरवर."

"मास्तर नको मना," दारातून आवाज आला. "बाय पायजे."

मी वळून बघितलं. साठी ओलांडलेली, काटक अंगाची एक कोळीण उभी होती. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, आणि दोन्ही हातांत फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. डब्यातून लसणाचा आणि मिऱ्याचा असा वास येत होता की माझ्या शेजारचा ऑपरेटर अपूर्व खुर्चीतून अर्धा उठला.

"कुठली बाय?" मी विचारलं.

तिनं हनुवटीनं माईककडे दाखवलं. "ही, जी बोलते ती. आजारी हाय ना?"

"मीच बोलते मावशी. मला काय झालंय?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग डबा टेबलावर ठेवून फडकं सोडायला लागली. "तुलाच कल्लं नाय काय? तीन-चार म्हयने झाले, तुजा आवाज पार खाली बसलाय. पयले कशी खनखनीत बोलायचीस! मी कलावतीला बोलली, पोरीचा घसा गेला, नि यवढ्या मोठ्या टेशनात कोन तिच्याकडं बघत नाय. चिंबोरीचा रस्सा हाय. गरम हाय तवर पी. मिरी जरा जास्तच टाकलीय."

मी काही बोलणार एवढ्यात बाहेरचा स्पीकर लागला. तो आमच्या दाराच्या अगदी वर आहे. "प्लॅटफॉर्म क्रमांक दोनवर येणारी लोकल..." खिडकीच्या काचा नेहमीसारख्या थरथरल्या. ती त्या स्पीकरच्या खालीच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. घोषणा अर्ध्यावर आल्यावर तिनं कान तिकडे केला आणि माझ्याकडे कीव येऊन बघितलं.

"ऐकलास? कसा बारीक येतो."

अपूर्वनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आणि मग मला जे कळलं ते तिला कसं सांगायचं हे कळेना. मी खुर्ची पुढे ओढली, तिला बसवलं आणि विचारलं, "मावशी, घरात कोणी मागून हाक मारली तर ऐकू येते का?"

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं, मोठ्यानं. त्या दुसऱ्या खेपेला तिला प्रश्न ऐकू आला आणि उत्तरही कळलं. थोडा वेळ ती डब्याच्या झाकणावरचं पाणी पदरानं पुसत बसली.

"मंजे तुजा घसा नाय," ती म्हणाली. "माजे कान."

रस्सा मी प्यायले. अर्धा अपूर्वला दिला. ती समोर बसून आम्हाला पिताना बघत होती, आणि डबा रिकामा झाल्यावरच उठली.

अशी रंगूबाईची आणि माझी ओळख झाली.

मी ज्या स्टेशनात काम करते त्याचं नाव लिहीत नाही, अजून नोकरीत आहे. ठाण्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. रंगूबाई नाखवा राहायची डोंबिवली पश्चिमेला, खाडीकाठच्या मोठागावात. नवरा महिपत खाडीत होडी घालायचा. निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी, कधी नशीब असलं तर जिताडा, जे काही जाळ्यात येईल ते पहाटे वेचून ती पाटी डोक्यावर घेऊन निघायची आणि आमच्या पुलाच्या पायथ्याशी, मैत्रीण कलावतीच्या शेजारी बसून विकायची. लग्न होऊन मोठागावात आली तेव्हापासून हाच तिचा रोजचा रस्ता. शाळेचं तोंड तिनं बघितलेलं नव्हतं. पण गाडी चुकली, भलत्याच गाडीत बसली, असं तिच्या बाबतीत कधी झालेलं नव्हतं, कारण ती सगळा प्रवास कानांनी करायची.

हे तिनंच मला सांगितलं. नवी सून असताना पहिल्यांदा एकटी निघाली, तेव्हा फलाटावर उभं राहून तिला रडू येत होतं. समोर येणारी प्रत्येक गाडी सारखीच. तेवढ्यात वरून एक बाई बोलली, की ही गाडी डोंबिवलीला थांबेल. "मना वाटला, मनाच सांगते ती," रंगूबाई म्हणाली. "एवढी मानसा, पन तिनं मनाच सांगितला." तेव्हापासून त्या आवाजाशी तिचं नातं जुळलं. गाडी येते म्हटलं की ती पुटपुटायची, "येते गो, येते." गाड्या रखडल्या, आवाजानं दिलगिरी व्यक्त केली आणि आजूबाजूच्या बायका रेल्वेला शिव्या द्यायला लागल्या, की रंगूबाई तिची बाजू घ्यायची. "तिचा काय दोष? ती बिचारी सांगते तरी."

पुढे आवाज बदलले, यंत्रं बदलली, पण रंगूबाईच्या लेखी वर बसलेली बाय ती एकच.

खरं तर आता रोजच्या घोषणा माणूस करत नाही. आवाज कधीतरी भरून ठेवलेला असतो. आम्ही स्क्रीनवर गाडी निवडतो, कॉम्प्युटर शब्दाला शब्द जोडतो आणि स्पीकर बोलतो. त्याच वेळी फलाटावरच्या इंडिकेटरवरही तीच गाडी लागते. मी स्वतः माईक हातात घेते तो गोंधळ झाला तर. गाडीचा फलाट बदलला, सिग्नल बिघडला, कोणी हरवलं, कोणाला चक्कर आली. हे मी रंगूबाईला कधीतरी सांगून टाकलं, तिच्या कानाजवळ तोंड नेऊन. मला वाटलं तिला वाईट वाटेल. तिनं विचार केला.

"मंजे रोज बोलते ती बाय हितं नाय?"

"नाही."

"नि गोंधल झाला का बोलते ती तू?"

"हो."

"मग मी डबा बरोबर बायलाच दिला," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

कान जातायत हे तिनं घरी मात्र सांगितलं नाही. मीही कोणाला सांगायचं? माझी तिच्या घरच्यांशी ओळख नव्हती. ती लोकांचे ओठ बघून, हातवारे बघून, कलावतीच्या कोपरखळ्यांवर निभावून नेत होती. गिऱ्हाईक भाव करायला लागलं की कलावती मांडीवर चापट मारायची, मग रंगूबाई वर बघून एकदम नाही म्हणायची. कमी केलेला भाव ऐकूच येत नसल्यामुळे त्या दिवसांत तिचा धंदा बरा चालला, असं कलावती हसून सांगते.

आणि मग आसनगाव झालं.

त्या दिवशी रुळांचं काम निघालं होतं. दुपारच्या काही जलद गाड्या दोन नंबरवरून सोडत होते, जिथे एरवी धिमी लागते. इंडिकेटरवर लिहिलं होतं. मी माईकवरून परत परत सांगत होते, की ही कसाऱ्याची जलद लोकल आहे, डोंबिवलीला थांबणार नाही. रंगूबाई नेहमीच्या जागी उभी राहिली, नेहमीसारखी मालडब्यात चढली, उरलेल्या चिंबोऱ्यांची पाटी पायाशी ठेवली आणि दाराशेजारी टेकून डोळे मिटले. हीही तिची वर्षानुवर्षांची सवय. डब्यातला स्पीकर 'पुढील स्थानक डोंबिवली' म्हणाला की तिला आपोआप जाग यायची.

जाग आली तेव्हा बाहेर डोंगर होते.

इकडे संध्याकाळ व्हायला आली तरी आई घरी नाही म्हणून तिचा मुलगा सुदेश आमच्या स्टेशनात आला. तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर आहे, तसाच निळ्या कपड्यांत धावत आला होता. कलावतीनं सांगितलं की ती नेहमीच्या वेळेला गेली. तो वर माझ्याकडे आला. घाबरलेला, आणि म्हणून चिडलेला.

"मॅडम, जरा नाव पुकारा ना. ती कुठं तरी बसली असेल."

मी माईक उघडला. "मोठागाव, डोंबिवली येथील रंगूबाई महिपत नाखवा, आपण जिथे असाल तिथून स्टेशन मास्तर कार्यालयात यावे. आपला मुलगा आपली वाट पाहत आहे." तीनदा सांगितलं. मराठीत, हिंदीत, परत मराठीत. चौथ्यांदा माईक उघडला आणि मला भान आलं. जिला ऐकू येत नाही तिला मी हाका मारत होते. माईक बंद करून मी सुदेशला खरं काय ते सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"तरीच," तो म्हणाला. "मी घरात ओरडत असतो, आई लक्ष देत नाहीस म्हणून."

आम्ही पुढच्या स्टेशनांना फोन लावले. पण तोवर रंगूबाईच आली. दिवेलागणीच्या सुमारास, समोरच्या फलाटावर, एका धिप्पाड माणसाच्या मागोमाग गाडीतून उतरली. डोक्यावर पाटी होती आणि पाटीत करवंदांचा ढीग. आसनगाव स्टेशनाबाहेर बसलेल्या बायकांना तिनं चिंबोऱ्या दिल्या होत्या आणि बदल्यात करवंदं घेतली होती. खाणाखुणांनी सगळा व्यवहार झाला. त्या बायकांतल्या एकीचा भाऊ ठाण्याकडे निघाला होता, त्यानं तिला आणून पोचवलं. डोंबिवली म्हटलं तर तो डोंबिवलीलाच उतरवणार होता, पण हिनं ऐकलं नाही. म्हणाली, मना बायकडं सोड, ती बरोबर लावील.

सुदेशनं तिला मिठी मारली आणि लगेच तिथेच फलाटावर सांगून टाकलं, "उद्यापासून पाटी बंद."

हे मात्र तिला स्पष्ट ऐकू आलं.

पुढचा सबंध महिना पुलाच्या पायथ्याशी कलावती एकटीच बसली. सुदेशनं आईचे कान तपासून घेतले, मशीन आणलं. रंगूबाईनं ते लावून बघितलं. घरात ठीक, पण बाजारात नेलं की सगळे आवाज एकदमच कानात घुसायचे. "कानात गांधीलमाशी बसलीय," ती म्हणायची. वरून मासळीचं पाणी, खारा वारा. मशीन डबीत गेलं ते क्वचितच निघायला लागलं. आणि रंगूबाई घरात बसली. कलावती सांगायची की ती जेवत नाही, महिपतशी भांडते, शेजारणीच्या अंगणात जाऊन तिची मासळी उगाच परत निवडून देते.

एक दिवस ती पुन्हा आमच्या दारात. सोबत सुदेश, सुट्टी काढून आलेला, हरलेला चेहरा.

"हिला तुमच्याशी बोलायचंय," तो म्हणाला. "माझं काही ऐकत नाही."

"कान नाय त नाय," रंगूबाई म्हणाली. "डोले हायत ना? ती बाय जा सांगते ताच खाली पाटीवर लिवतात, बरोबर? मना ती पाटी शिकव."

मी दुसऱ्या दिवशी दगडी पाटी आणि पेन्सिल घेऊन आले. अ अननसाचा असं सुरू करायचा माझा विचार होता. तिनं ती पाटी हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. तिच्या लेखी पाटी दोनच, एक डोक्यावरची मासळीची आणि दुसरी फलाटावर टांगलेली. अननसात तिला रस नव्हता. तिला घरी जायचं होतं.

मग आम्ही दोन नंबरवर, इंडिकेटरच्या खालच्या बाकावर बसायला लागलो. माझी सकाळची ड्युटी सुटायची तेव्हा ती डोंबिवलीहून यायची. सुरुवातीला कलावतीचा हात धरून. मान वर करून ती त्या पिवळ्या-लाल अक्षरांकडे बघायची आणि मी एकेक ओळखून द्यायचे. पण माझ्या खुणा तिच्या डोक्यात राहत नव्हत्या. शेवटी तिनंच स्वतःच्या लावल्या. ठ म्हणजे खुंटीला टांगलेली टोपली. ड म्हणजे गळ. क म्हणजे दोन्ही नांग्या उगारलेली चिंबोरी. व म्हणजे अख्खं मावरं, अख्खा मासा, आणि ब म्हणजे त्याच मावऱ्याला सुरीचा आडवा काप दिलेला. कल्याणमधल्या जोडाक्षरापाशी ती बरेच दिवस अडली. "यो ल नि यो य एकामेकात गुततलेत," ती म्हणायची. "जाल्यात गुततात तसे."

तिचा खरा वैरी निघाला इंडिकेटर. तो थांबतच नाही ना! मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी, काही सेकंदांत पालटत राहतो. रंगूबाई 'क' म्हणून 'ल'पर्यंत पोचली की समोर इंग्रजी.

"अगो थांब ना मेले!" ती ओरडायची. तिला स्वतःचा आवाज किती मोठा येतो ते कळत नसल्यामुळे अख्खा फलाट वळून बघायचा. "वाचते ना मी!"

कॉलेजची मुलं हसायची. पण त्यांतली एक मुलगी, समृद्धी, रोजची झाली. पाटी पालटली की ती बोटानं हवेत ते अक्षर काढून दाखवायची, मराठी परत येईस्तोवर.

तिनं वाचलेला पहिला अख्खा शब्द 'ठाणे'. समोरच्या फलाटावर ठाण्याला संपणारी गाडी लागली होती. "ठा," ती म्हणाली, आणि डोळे बारीक केले. "ने." मग माझ्याकडे वळली, जरा निराश होऊन. "एवढासाच? एवढा मोठा ठाना, दोन अक्षरांत बसला?"

पण त्यानंतर ती सुटलीच. पाटी पालटायच्या आत वाचायचं असल्यामुळे ती अक्षर लावत बसेना, नजर टाकून शब्दच्या शब्द उचलायला लागली. टोपलीत हात घालून ताजा मासा वेगळा काढावा तसा. जलदचा ज दिसला की लगेच चढायचं नाही, आधी कोणाला तरी विचारायचं, एवढा एक नियम आम्ही ठरवला. बाकी डोंबिवली, कल्याण, टिटवाळा, बदलापूर, अंबरनाथ, सगळी तिच्या ओळखीची झाली. आसनगाव दिसलं की ती पाटीकडे बघून नाक मुरडायची.

सुदेशला पटेना. एका रविवारी तो परीक्षा घ्यायला आला. आईला म्हणाला, तू एकटी घरी ये, मी मागे उभा राहतो, काही सांगणार नाही. रंगूबाई दोन नंबरवर जाऊन उभी राहिली. पहिली गाडी आली, तिनं पाटी बघितली, जागची हलली नाही. रविवारच्या कामामुळे इकडे वळवलेली ती जलद होती. दुसरी आली. सुदेश पाटीकडे बघून मनात जुळवतो आहे, ही कुठली, डोंबिवलीला थांबते की नाही, तोवर रंगूबाई चढली होती. गाडी सुटली आणि सुदेश फलाटावर. मी हे सगळं वरून खिडकीतून बघितलं. त्यानं वर बघितलं, मी हात हलवला. सोमवारी पुलाच्या पायथ्याशी पाटी परत लागली.

त्यानंतर तिला वाचायची चटकच लागली. एवढी वर्षं ती ज्या रस्त्यानं गेली त्या रस्त्यावर इतकं काही लिहिलेलं होतं याचा तिला रागच यायचा. औषधाचं दुकान, भाड्यानं देणे आहे, इथे थुंकू नये. मानपाड्याला दिलेल्या तिच्या लेकीकडे, दीप्तीकडे, ती पहिल्यांदा एकटी बसनं गेली. दीप्तीनं विचारलं कोणाबरोबर आलीस, तर ही म्हणे, "बसवर लिवलेला, कोनाला कशाला इचारू?" मला येऊन बातम्या द्यायची. एकदा तर धापा टाकत वर आली आणि म्हणाली, "बाय, तुजी पाटी खोटी बोलते. कल्यान लिवलाय नि गाडी टिटवाल्याची उभी." खरंच पाटी अडकली होती. अपूर्वनं ती ठीक केली आणि तिला सलाम ठोकला.

नारळी पौर्णिमेला तिनं मला मोठागावात जेवायला बोलावलं. म्हणजे बोलावलं नाही, हुकूम केला.

माझे आईवडील मूळचे वाईकडचे. मी वाढले डोंबिवलीत, पण खाडीकडे पाय वळले नव्हते. त्या दिवशी बंदरावर सगळ्या होड्या रंगवून, झेंडे आणि फुलं बांधून ओळीनं लावल्या होत्या. बायका सोन्यानं मढलेल्या, बँड लागलेला. रंगूबाईनं हिरवंगार लुगडं नेसलं होतं आणि कानात मशीन नव्हतं, कर्णफुलं जड होतात म्हणून. महिपतला मी पहिल्यांदाच भेटले. ताठ, अबोल म्हातारा, डोक्यावर लाल टोपी. माझ्याकडे बघून त्यानं नुसती मान हलवली.

जेवण झाल्यावर रंगूबाईनं माझा हात धरला. "चल, तुला आमची होडी दाखवते. नाव वाचून दाखवते."

"काय नाव आहे?"

ती लाजली. या वयात, एवढ्या दणकट बाईला लाजताना बघून मला मौज वाटली. "माजाच हाय," ती म्हणाली. "लगीन झाल्यावं यांनी होडी घेतली, तवा बोलले, तुजा नाव टाकलाय."

आम्ही निघालो तसा सुदेश माझ्या बाजूला आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आईला होडीकडे नेऊ नका. काहीतरी सांगा."

"का?"

"तिचं नाव नाहीये त्यावर."

मी थांबले, पण रंगूबाई कुठली थांबते. चिखलात पाय टाकत ती होडीच्या नाळेशी, पुढच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. मागोमाग गावही गोळा झालं, कारण गावाला सगळं माहीत होतं आणि एवढी वर्षं कोणी तोंड उघडलं नव्हतं. महिपत जरा लांब, खाडीकडे तोंड करून उभा राहिला.

रंगूबाईनं निळ्या फळीवरच्या पांढऱ्या अक्षरांवर बोट ठेवलं. इथे पाटी पालटणार नव्हती, तरी सवयीनं घाईघाईत वाचलं. मग परत वाचलं, सावकाश.

"ए...क...वी...रा," ती म्हणाली. "आ...ई."

 

तिनं माझ्याकडे बघितलं. "बाय, बरोबर वाचला ना मी?"

खोटं बोलायची सोय होती. मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "बरोबर वाचलंत."

तिचा चेहरा आधी फुलला. खरंच फुलला, कारण कोणी न सांगता, कोणी न शिकवता तिनं नवीन शब्द वाचला होता. आणि मग ती महिपतकडे वळली. "एवढी वरसा फसवलास मना! मी सगल्यांना सांगत फिरली!"

महिपतनं टोपी काढली, परत घातली. मग खाडीकडेच बघत काहीतरी पुटपुटला.

"काय बोलतो तो?" रंगूबाईनं मला विचारलं. "मना ऐकू नाय येत."

मलाही नीट ऐकू आलं नव्हतं. मी त्याच्याजवळ गेले. "काका, काय म्हणालात?"

तो माझ्याशी इतक्या हळू बोलला की मला वाकावं लागलं. होडी आली तेव्हा त्यानं रंगाऱ्याला रंगूचंच नाव सांगितलं होतं. पण त्याची आई अडून बसली, होडीवर देवीचं नाव पाहिजे, बायकोचं कसलं? आईपुढे त्याचं चाललं नाही, आणि तोवर नव्या नवरीला तर सांगून झालं होतं. "मग काय करू?" तो म्हणाला. "पन पान्यात गेला का मी तिला रंगूच बोलतो. चल रंगू, वल रंगू. या पोरांना इचार."

जाळी ओढणारे दोघे-तिघे तिथेच उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "हो ना. काका होडीशी जेवढा बोलतो तेवढा मानसाशी नाय बोलत."

"सांग तिला," महिपत मला म्हणाला. "तू बोलतीस ना टेशनात. तुजा तिला ऐकू जातो."

मी रंगूबाईसमोर जाऊन उभी राहिले. तिच्या कानाशी बोलायचं म्हणजे अख्ख्या बंदराला ऐकू जाणार हे मला कळत होतं, त्यालाही कळत असणार. पण आता मागे फिरता येत नव्हतं. मी श्वास घेतला आणि माझ्या कामाच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"महिपतकाका म्हणतात, नाव आईनं टाकू दिलं नाही! पण पाण्यात गेलं की ते होडीला रंगूच म्हणतात! रोज!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सुदेश कुठे बघावं ते न कळून झेंड्याची दोरी सोडायला आणि परत बांधायला लागला. महिपत पाण्याच्या इतका जवळ सरकला की मला वाटलं आता उडी टाकतो.

रंगूबाई नाही हसली. ती त्याच्या पाठीकडे बघत उभी होती. मग तिनं कर्णफूल जरा बाजूला केलं आणि कान माझ्याकडे आणला.

"परत सांग बाय," ती म्हणाली. "नीट ऐकू नाय आला."